गंगावन आणि आगीचा बंब

४ फेब्रुवारी

ती. मावशी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. डावा हात आता खांद्याच्या वर जातो, म्हणून 'दोन्ही' मुद्दाम लिहिलं.

फोनच करणार होते. पण तुझ्या पार्लरमधले ड्रायर चालू असले की तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस. लिहिणं त्यातल्या त्यात सोपं.

मला केस हवेत.

काय झालं ते तुला आईकडून कळलंच आहे, पण आई सांगताना मधेच रडते, तेव्हा एकदा माझ्याकडून ऐक. गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती. मी आणि लंबू आत होतो. लंबू म्हणजे माझा जोडीदार. आमच्या अग्निशमन दलात आत जाताना नेहमी दोघं जातात. छताचा एक तुकडा माझ्या डाव्या खांद्यावर आला, हेल्मेट उडालं आणि पुढचं मला आठवत नाही. लंबूने ओढत बाहेर आणलं. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. डाव्या कानाच्या वरपासून मागे मानेपर्यंत तळहाताएवढी जागा भाजून गुळगुळीत झाली आहे. तिथे पुन्हा केस येणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाकीचे हनुवटीपर्यंत वाढलेत, पण ते बाजूला झाले की जागा दिसते. दुकानात, लिफ्टमध्ये लोक आधी तिथे बघतात, मग माझ्याकडे.

मला नियंत्रण कक्षात बसवलं आहे. फोन घ्यायचे, पत्ता लिहून घ्यायचा, बंब सोडायचा. खुर्ची, टेबल, पंखा.

मी बरेच व्हिडिओ बघितले. क्लिपचे, टेपचे, मण्यांचे, वितळवून चिकटवलेले, शिवलेले. प्रत्येक बाई म्हणते की तिचाच प्रकार चांगला, आणि प्रत्येकीचे केस आधीपासूनच दाट आहेत. तू मला सरळ सांग, कोणते घेऊ? रोज काढायचे-घालायचे नकोत. उठल्यावर डोक्यावर असावेत, बस्स.

तुझी,
खारू


११ फेब्रुवारी

खारूबाई,

तुला अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार. वर्षभर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास आणि हे आत्ता लिहितेस.

आमच्या लहानपणी याला गंगावन म्हणत. वेणीत गुंतवलं की झालं. आता एक्स्टेन्शन म्हणतात आणि त्याचे इतके प्रकार निघालेत की साडी घेणं सोपं. पण मी गिऱ्हाइकाला आधी केस दाखवतच नाही. आधी तिचा दिवस विचारते. नाचणारीला मणी लावले तर ते खेचले जातात. भट्टीसमोर उभी राहणारी असेल तर नकली धाग्याचे केस देणं म्हणजे गुन्हा, ते उष्णतेने वितळतात. जिचं डोकं रोज घामाने भिजतं तिला शिवलेले दिले तर आतून वाळत नाहीत, कुबट वास येतो, खाज सुटते. आणि जी डोक्याला चांगलं चपचपीत तेल लावते तिची टेप महिन्याभरात हातात येते.

तेव्हा तुझा दिवस सांग. झोपतेस कोणत्या कुशीवर? घाम किती येतो? डोक्यावर काही घालावं लागतं का? डोकं कितीदा धुतेस? आणि त्या जागेचा फोटो पाठव, उन्हात काढलेला, केस बाजूला करून. मला लाजू नकोस. मी तुझे जावळाचे केस विंचरले आहेत.

एक गोष्ट आत्ताच सांगते. डागाच्या कडेचे केस नाजूक असतात. त्यांच्यावर परक्या केसांचं ओझं टाकलं तर तेही गळतात आणि डाग मोठा दिसायला लागतो. तिथे मी काहीही लावणार नाही. वरच्या भागातून केस खाली सोडून ते झाकायचं. डॉक्टरांना विचारून मगच ये.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

ती. मावशी,

धपाटा कबूल.

डॉक्टर हो म्हणाले. फोटो सोबत आहे. हा मी कुणालाच दाखवलेला नाही. आई तर त्या बाजूला बसतसुद्धा नाही. जेवताना माझ्या उजवीकडची खुर्ची ओढून घेते.

माझा दिवस असा. उजव्या कुशीवर झोपते. आठ तास खुर्चीवर असते. कानाला हेडफोन, डोक्यावर दुसरं काही नाही. घाम फारसा नाही. तेल लावत नाही. सकाळ-संध्याकाळ डोकं धुते. थोडा व्यायाम करते, जिने चढते. इतकंच. अगदी मिळमिळीत दिवस आहे माझा.

केस लावायचे ठरवल्यावर आईला इतका आनंद झाला की तिने माझ्यासाठी तीन कंगवे आणले.

तुझी,
खारू


२५ फेब्रुवारी

खारू,

फोटो बघितला. आधी मावशी म्हणून बघितला, मग चहा घेतला, मग पार्लरवाली म्हणून बघितला. काम होण्यासारखं आहे.

पंख्याखाली बसून फोन घेणारी मुलगी दिवसातून दोनदा डोकं कशासाठी धुते, हे मला कळलं नाही. पण तू म्हणतेस तसंच धरून चालते.

तर टेपचे लावू. चपट्या पट्ट्या असतात, तुझ्याच केसांची पातळ बट दोन पट्ट्यांच्या मधे दाबून बसवायची. दीड-दोन महिने टिकतात, मग काढून नवी टेप लावून पुन्हा. टेबलावर बसणाऱ्या बाईला याहून आरामाचा प्रकार नाही. खरे केस घेऊ, तुझ्यासारखे किंचित पिंगट. पुढच्या रविवारी पार्लर बंद ठेवते. सकाळीच ये, दिवस जाईल.

मावशी


२० मार्च

ती. मावशी,

त्या दिवशी तू आरसा फिरवलास तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहिते. फार छान झालेत. परतताना मी मुद्दाम खिडकीच्या काचेत बघत होते आणि काचेत एक वेणी घातलेली मुलगी होती. लिफ्टमध्ये कुणी बघितलं नाही. कुणीही बघितलं नाही याचा इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आईने पहिल्यांदा माझ्या डावीकडे बसून जेवण केलं.

फक्त डाव्या कानशिलाजवळच्या दोन पट्ट्या सुटल्या. उशीवर घासल्या असतील. सोबत पाठवते आहे, नवी टेप लावून दे. इथल्या पार्लरमधली बाई लावून देईन म्हणाली आहे. बाकी सगळं छान चाललं आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
खारू


२७ मार्च

खारू,

तुझं पाकीट उघडलं आणि पार्लरमध्ये धुराचा वास पसरला.

उशी धूर सोडत नाही. टेपचा गोंद घासून निघालेला नाही, उष्णतेने मऊ होऊन ओघळला आहे. एका पट्टीची टोकं जळून मोहरीच्या दाण्यासारखी गोळा झाली आहेत. आणि डाव्या कानशिलाच्या पट्ट्या उशीवर घासल्या म्हणतेस, पण तू झोपतेस उजव्या कुशीवर. तूच लिहिलं आहेस.

तुझ्या आईबद्दलही सांगून टाकते. तू येण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. म्हणाली, शिवलेले लाव, चांगले घट्ट, भरगच्च. वर हेल्मेट बसायलाच नको. मी तिला सांगितलं, ताई, केस लावणारीने डोक्याचं ऐकायचं असतं, डोक्याच्या आईचं नाही. ती रागावली. अजून बोलत नाही माझ्याशी. तुला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, पण आता सगळेच जण लपवाछपवी करायला लागलो तर तुझ्या डोक्याचं वाटोळं होईल.

तू आगीत जायचं की नाही हे मी ठरवणार नाही. पण मी दिलेली वस्तू तू कुठे घेऊन गेलीस ते मला कळलंच पाहिजे. खरं लिही.

मावशी


२ एप्रिल

ती. मावशी,

खरं लिहिते.

मला परत बंबावर जायचं आहे. ऑक्टोबरपासून तयारी करते आहे. ड्यूटी संपली की शिडी, पाइप, वजन उचलणं. म्हणून दोनदा डोकं धुवावं लागतं. आईला माहीत नाही. तुला सांगितलं तर तू तिला सांगशील असं वाटलं. ते माझं चुकलं.

बंबावर परत घ्यायचं तर धुराच्या खोलीतली चाचणी द्यावी लागते. अंधार, गरम धूर, तोंडावर हवेचा मास्क, त्यावर कापडी टोपडं, त्यावर हेल्मेट. आत एक वजनदार बाहुला असतो, तो शोधून बाहेर आणायचा. चौदा मार्चला माझी चाचणी होती. केस मी घट्ट बांधले होते, सगळे टोपड्याच्या आत गेले असं मला वाटलं. पण कानशिलावरची पट्टी मास्कच्या रबराखाली आली. बोटाएवढीही फट नसेल, पण धूर तेवढ्यातून येतो. मी खोकायला लागले, बाहुला सोडला, आणि लंबूने मला दुसऱ्यांदा ओढत बाहेर आणलं. एक बट टोपड्याच्या बाहेर राहिली होती, ती जळली.

स्टेशन ऑफिसर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या धाडसाबद्दल मला शंका नाही. पण तुझा मास्क गळला की तुला काढायला आणखी एक जण आत जातो. केस की बंब, ते ठरवून ये." एप्रिलच्या शेवटी त्यांनी आणखी एक संधी दिली आहे. त्यानंतर नाही.

मावशी, मी ठरवलं आहे. मला दोन्ही हवं आहे. बाजारात जाताना मला वेणी हवी आणि आग लागली की मला आत जायचं आहे. यात जास्तीचं काय मागते आहे मी? तू माझा दिवस विचारलास तेव्हा मी तुला खुर्चीवरचा दिवस सांगितला. मी ज्या दिवसासाठी राबते आहे तो सांगितलाच नाही. आता तो धरून सांग, कोणते केस?

तुझी,
खारू


९ एप्रिल

खारू,

आता कसं बोललीस. हेच फेब्रुवारीत लिहिलं असतंस तर मी टेपला हातसुद्धा लावला नसता.

ऐक. तुझ्या कामात डोक्याला चिकटून राहणारा एकही प्रकार चालणार नाही. टेप उष्णतेने सुटते. मणी हेल्मेटखाली दाबले जाऊन मुळं उपटतात. वितळवून लावलेले तर तिथे पुन्हा वितळतील. शिवलेल्याने डोकं जाड होतं, मास्कचे पट्टे सैल बसतात. तुला रोज काढायचे नको होते, पण तुला रोज काढायचेच केस हवेत. क्लिपचे. स्टेशनच्या दारात काढायचे आणि घरी जाताना लावायचे. स्टेशनच्या आत नाही, बंबावर नाही, 'आज काही होणार नाही' असं वाटलं तरी नाही. घंटा वाजल्यावर तू क्लिपा काढत बसणार आहेस का?

आहेत त्या पट्ट्या तिथल्या पार्लरवालीकडून काढून घे. तिने औषध लावूनच काढायच्या, ओढायच्या नाहीत. मग मास्क लाव आणि लंबूला सांग, रबराची कड जिथे टेकते तिथे खडूने रेघ मार. त्या रेघेपासून दोन बोटं मागेपर्यंत तुझे स्वतःचे केसही कापून टाक. कपाळ, कानशिलं, सगळं. माथ्यावरचे चार बोटं ठेव, क्लिपला धरायला काहीतरी हवं. डोक्याचा घेर आणि डागाचा आकार कागदावर काढून पाठव. मी जाळीवर बांधून एक गंगावन करते. डागाच्या बाजूला आतून रेशमी अस्तर लावते आणि क्लिपा सगळ्या माथ्यावर आणि उजवीकडे. डागाच्या कडेला काही नाही. खऱ्या केसांचं, वेणी घालता येईल असं.

आता खरी अडचण. हे सगळं केलंस तर स्टेशनमध्ये तुझं डोकं उघडं राहणार. आखूड केस, आणि डाग सगळ्यांसमोर. चहा पिताना, पत्ते खेळताना. फोटो काढतानासुद्धा तू अंग चोरून बसली होतीस, मी बघितलं. तेव्हा हे तू आधी स्वतःशी ठरव. ते जमणार असेल तर कात्री लाव. नसेल तरी मला कळव, मी रागावणार नाही, टेबलावरच्या बाईसाठी पट्ट्या पुन्हा करून देईन.

आईला तू स्वतः सांगायचंस. ते काम मी करणार नाही.

मावशी


३० एप्रिल

ती. मावशी,

पास झाले.

आधीचं आधी सांगते. कात्री मी घरीच लावली, पार्लरमध्ये नाही. आई दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, आई, मी परत बंबावर जाते आहे, आणि हे त्यासाठी. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी मामाकडे निघून गेली. मी फोन करते, ती उचलते, जेवलीस का विचारते आणि ठेवून देते.

मग स्टेशनमध्ये उघड्या डोक्याने गेले. दारातून आत पाऊल टाकताना हात आपोआप डावीकडे गेला, तो मी ओढून खिशात घातला. सगळे चहा घेत होते. सगळ्यांनी वळून बघितलं. मी माझा पेला घेतला आणि बरोबर मधल्या बाकावर जाऊन बसले, डावी बाजू सगळ्यांकडे करून. लंबूने नीट निरखून बघितलं. आपण आगीतून कुणाला काढलं ते बघण्याचा त्याला हक्क आहे. मग म्हणाला, "मला वाटलं होतं याहून मोठा असेल." एवढ्यावर विषय संपला, आणि पुन्हा साखर कमी पडल्यावरून भांडण सुरू झालं.

चाचणीत मास्कमध्ये धुराचा कणही आला नाही. बाहुला मी एकटीने ओढून आणला. साहेबांनी माझ्या कानशिलाकडे बघितलं, म्हणाले, "ठरवलंस तर." मी म्हटलं, "दोन्ही ठरवलं, साहेब." त्यांना ते कळलं नाही. संध्याकाळी मी तुझं गंगावन लावून, वेणी घालून दारातून बाहेर पडले तेव्हा कळलं. त्यांनी मान हलवली, पण हसतच.

सोमवारपासून बंबावर.

तुझी,
खारू


२२ मे

प्रिय धाकटे,

तुझ्याशी मी बोलत नव्हते, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. माझं बोलणं तू पोरीला सांगितलंस. बरं केलंस असं मी लिहिणार नाही.

मी आपल्या भावाकडे राहिले. तिथेही रस्त्यावरून बंब गेला की हातातलं काम थांबायचं. मग वाटलं, काळजीच करायची तर तिच्या घरात बसून करावी, निदान तिला गरम जेवण तरी मिळेल. म्हणून परत आले.

परवा सकाळी ती ड्यूटीवरून आली. कुठल्याशा इमारतीत आग होती, तिने आणि त्या उंच मुलाने एका बाईला आणि तिच्या सासूला बाहेर काढलं. सासू हिच्याशी भांडत होती म्हणे, चप्पल घातल्याशिवाय येणार नाही म्हणून. हे सांगताना ती हसत होती आणि उभी पेंगत होती. मानेपर्यंत काजळी. डोकं धुवायला हात वर करवेना. मी म्हटलं, बस इथे.

मी तिचं डोकं धुतलं. दवाखान्यातून आल्यापासून त्या जागेकडे मी धड बघितलं नव्हतं, तुला ठाऊक आहे. तेव्हाही डोळे मिटूनच हात लावणार होते. पण साबणाचं पाणी तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून बघावं लागलं. कातडी मऊ आहे. मला वाटलं होतं खरखरीत असेल. ती म्हणाली, "आई, दुखत नाही तिथे, जोरात चोळ." मग मी जोरात चोळलं. काळं पाणी जाईपर्यंत तीनदा धुतलं. ती तशीच बसल्या बसल्या झोपून गेली.

ती जायची थांबणार नाही. हे मला पटलेलं नाही, पण समजलं आहे. आता जे आहे ते नीट असावं, एवढंच मी बघणार.

तेव्हा तू आणखी एक गंगावन कर. हे धुतलं की वाळायला अख्खा दिवस लागतो आणि ही तसंच ओलं लावून बाहेर पडते. डोकं दुखेल, सर्दी होईल. एक धुवायला, एक घालायला. वेणी याहून थोडी लांब ठेव, तिच्या उंचीला शोभेल.

आणि माथ्यावरची उजवीकडची क्लिप बदल, तिथे काहीतरी मऊ लाव. ती तिला टोचते. तुला सांगायची नाही ती. मी बोट लावून बघितलं आहे.

तुझी,
ताई